आमच्या सौ. किंचाळल्या

‘आणि आमच्या सौ. किंचाळल्या.’ हे वाक्य रविवारच्या पुरवणीत इतक्यांदा छापून आलं की आमच्या शाळेतल्या सातवीच्या पोरींना ते पाठ होतं. सोमवारी मी वर्गात गेले, फळ्याकडे तोंड केलं, की मागून कुणीतरी बारीक आवाजात किंचाळायचं. मी गणित शिकवायचे. खडू हातात धरून तशीच उभी राहायचे आणि कानाच्या पाळ्या तापायच्या. मागे वळून कुणाला ओरडावं, तर ‘बाई पुन्हा किंचाळल्या’ म्हणायला मोकळ्या!

ती सौ. म्हणजे मी. लिहिणारे आमचे हे. आणि ज्या होडीवरून हे सगळं महाभारत झालं ती आमच्या घराच्या गच्चीवर उपडी पडलेली असायची.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. हे तेव्हा नाशिकमध्ये अंबडच्या एका कारखान्यात होते. त्यांचे एक मित्र फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवायचे. दोघांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकातली चित्रं बघून साचा केला, त्यावर फायबरचे थर चढवले आणि दोन्ही टोकांना निमुळती, दोन माणसांपुरती होडी तयार केली. टाक्यांसाठी आणलेला हिरवा रंग उरला होता, तोच तिला फासला. टेम्पोतून ती घरी आली तेव्हा शेजारच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या, “नवी टाकी का हो?” हे तिला ऐटीत ‘कॅनू’ म्हणायचे. माझ्या तोंडात आजही होडीच येते.

अशा होडीत मागे बसतो तो होडी वळवतो. पुढचा नुसती वल्ही मारतो. पहिल्या दिवशी गंगापूर धरणाच्या फुगवट्यात आम्ही ती उतरवली, तेव्हा अर्थातच हे मागे बसले. आम्ही घाण्याच्या बैलासारखे एकाच जागी गोल गोल फिरलो. काठावर म्हशी धुणारे दोघे जण काम थांबवून बघत होते. शेवटी मी म्हटलं, “अहो, उठा. मला बसू द्या मागे.” मी मागे बसले, दोन-चारदा चुकले आणि मग होडी सरळ चालायला लागली. त्या दिवसापासून मागची जागा माझी. ह्यांनीही कधी कुरकुर केली नाही, उलट पाठीमागून माझा आवाज आला की निमूट वल्हं थांबवायचे. माणूस गुणी आहे हो, म्हणूनच तर राग नीट काढता येत नाही.

पण कागदावर हे मागे बसायचे.

एका स्थानिक दैनिकाच्या पुरवणीत त्यांना नदीवरच्या भटकंतीबद्दल लिहायला जागा मिळाली. शनिवारची सुट्टी, एखादा बंधारा, काठावरची द्राक्षबाग, कुठे काटेरी झुडपात अडकलेली होडी, असं साधंच असायचं सगळं. पण हे लिहायला बसले की पाणी फणा काढायचं, दगड दात विचकायचे आणि पुढे बसलेली सौ. डब्यातली बटाट्याची भाजी सांडत किंचाळायची. छापायला देण्याआधी ते मला वाचून दाखवत. आणि खरं सांगायचं तर मी हसायचे. पोट धरून हसायचे! लिहायचेच तसे. एकदा तर ‘मगर आली मगर आली’ असं सौ. ओरडते आणि ती पाण्यावर आलेली रबरी चप्पल निघते, ही कल्पना मीच त्यांना पुरवली.

शाळेत चेष्टा सुरू झाली तेव्हा मात्र मी म्हटलं, “अहो, लोकांना ते खरंच वाटतंय.”

“अगं, ती तू नाहीसच. ते एक पात्र आहे. विनोदाला एक घाबरट माणूस लागतो.”

“मग तुम्ही व्हा की घाबरट.”

“लेखकच घाबरला तर पुढे वाचणार कोण?”

मी पोळ्या लाटायला गेले.

मला वाटायचं, चेष्टा होईल ती नाशकात होईल. माझं माहेर निफाड तालुक्यात, गोदाकाठी. तिथे शहराची पुरवणी कोण वाचतंय? पण दुधाच्या गाडीबरोबर पेपरचा गठ्ठा गावात जायचा आणि पारावर बसून एक जण वाचायचा, दहा जण ऐकायचे. त्या दहांत माझे वडील, आबा, असायचे.

आबांचं सांगायला हवं. आमच्या गावात तेव्हा पोरींना विहिरीत पोहायला कुणी उतरवत नसे. आबांनी मला उतरवलं. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधला आणि स्वतः खाली पाण्यात उभे राहून म्हणाले, “टाक उडी. मी हाय.” चुलत्यांनी नावं ठेवली, आईनं दोन दिवस अबोला धरला. मी सातवीत असताना गावापुढच्या डोहातून या काठावरून त्या काठावर पोहून गेले, तेव्हापासून आबांना बोलायला दुसरा विषयच उरला नाही. सोयरीक बघायला आलेल्या पाहुण्यांनाही त्यांनी आधी तेच सांगितलं होतं. “आमची पोर पाण्याला भीत नाय.” पोर स्वयंपाक कसा करते हे नंतर. वीस वर्षं गावानं त्यांचं हे ऐकलं होतं, आणि आता पारावर त्याच पोरीचं किंचाळणं मोठ्यानं वाचलं जात होतं.

दिवाळीत माहेरी गेले तर एस.टी.तून उतरल्या उतरल्या पारावरून हाक आली. “काय ताई, मगर घावली का?” सगळे हसले. आबा तिथेच बसले होते. ते हसले नाहीत, उठले, माझी पिशवी घेतली आणि पुढे चालायला लागले. घरी हातपाय धुताना हळूच म्हणाले, “तू खरंच वरडली का गं?”

“नाही आबा.”

“मग त्यांनी तसं का लिव्हलं?”

जावयाला खोटारडा म्हणू? ते पात्र आहे म्हणू? मी हसले होते, हे सांगू? मान खाली घालून मी पाय पुसत राहिले, पुसून झाले तरी पुसत राहिले. आबांनी पुन्हा विचारलं नाही. नाशिकला परत येताना एस.टी.त मी ठरवलं की आबांचा शब्द गावासमोर खरा करून दाखवायचा.

बेत साधा होता. हिवाळ्यात धरणातून शेतीसाठी पाणी सोडतात, त्याला आवर्तन म्हणतात. आवर्तन चालू असलं की आमची नदी नदी वाटते. तेवढ्या दिवसांत शहराच्या खाली, पाणवेली संपतात तिथून होडी टाकायची आणि थेट माहेरच्या घाटाला लावायची. मी मागे बसलेली, होडी माझ्या हातात, हे सगळ्या गावानं डोळ्यांनी बघायचं. मी सरपंचांच्या घरी फोन करून आबांना बोलावून घेतलं आणि सांगितलं. आबांनी गावभर केलं.

प्रवास छान झाला. वाटेत दोन बंधारे लागले, तिथे होडी उचलून खाली आणली. दुपार कलताना गावचं देऊळ दिसलं आणि मी वल्हं जोरात मारायला लागले. घाटावर माणूसच माणूस! आई भाकरतुकडा घेऊन उभी. आबा सगळ्यांत पुढे, धुतलेली टोपी घालून. आणि पाण्यात, कमरेला ट्रकच्या ट्यूबी अडकवलेले चार दांडगे गडी.

ते आमच्याकडे यायला लागले. एकानं होडीचं टोक धरलं आणि म्हणाला, “भिऊ नका ताई. आम्ही हाये.” दुसरा ट्यूब पुढे करून म्हणाला, “हिला धरा घट्ट. वरडू नका.” बिचारे मनापासून आले होते. पुरवणी वाचून, माहेरवाशिणीची काळजी करून आले होते. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला वाचवायला? माझ्याच डोहात? मी वल्हं टाकलं, उभी राहिले आणि पदर खोचून सरळ उडी मारली.

डोह राहिला नव्हता. बंधारे झाल्यापासून तो गाळानं भरला होता, आणि माझं माहेरी येणं सणावाराला, घाटावर बसून पाणी कोण मोजतं? मी गुडघाभर चिखलात रुतले, तोंडावर आपटले आणि उठून बसले तर पाणी छातीला. एक चप्पल गेली ती गेलीच. अख्खा घाट हसला. बायका तोंडाला पदर लावून, पोरं उड्या मारून. त्या चौघांनी मला बखोट्याला धरून बाहेर काढलं. आबांनी खांद्यावरचा टॉवेल माझ्या अंगावर टाकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “गाळ झालाय तिथं. मी सांगायला पायजे होतं.” आईनं चिखलानं माखलेल्या तोंडावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. त्या वेळी मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला समजलं.

परतताना मी ह्यांना म्हटलं, “हे जर छापलंत तर याद राखा.” त्यांनी ते छापलं नाही. उलट त्यांनाही कुठेतरी लागलं असावं, कारण पुढच्या लेखात त्यांनी आपण होऊन खरं ते लिहिलं. ‘मागे ती बसते, होडी ती चालवते, ती लहानपणापासून पोहते, आणि खोल पाण्याची भीती मला वाटते.’ एक शब्दही रंगवला नव्हता. वाचून माझे डोळे भरले.

सोमवारी मुख्याध्यापिकाबाई जिन्यातच भेटल्या. “काय लिहितात हो तुमचे मिस्टर! म्हणे मी घाबरतो आणि बायको होडी चालवते! हसून हसून पुरेवाट झाली आमची.”

संपादकांनीही कळवलं म्हणे, आजवरचा सगळ्यांत विनोदी लेख. मी कपाळाला हात लावला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आबा एकटेच नाशिकला आले. हातात कांद्याची पिशवी, पायात धुळीनं भरलेल्या वहाणा. चहा झाल्यावर म्हणाले, “मला बसव त्या होडीत.”

“आता? ऊन किती आहे.”

“बसव. पारावर सांगतो मग, मी माझ्या डोळ्यांनी पाह्यलंय.”

हे कारखान्यात गेले होते. शेजारच्या टेम्पोवाल्याला सांगून होडी धरणावर नेली. आबा पुढे बसले, मी मागे. धोतर नीट सावरून, वल्हं मांडीवर घेऊन ते ऐटीत बसले होते आणि मला लग्नात मुलाकडच्यांनी मिरवावं तसं वाटत होतं. मी होडी काठापासून आत नेली. उन्हाळ्यात दुपारी धरणावर वारा सुटतो. पाणी थोडं हललं, होडी एका अंगाला कलली. एवढंच. रोजचंच.

आणि आबा ओरडले. “आई गं!” त्यांनी दोन्ही हातांनी होडीच्या कडा धरल्या. वल्हं पाण्यात पडलं आणि वाऱ्याबरोबर लांब गेलं. त्यांची मान आखडली होती, टोपीखालून घामाची धार कानामागे येत होती. “काठाला घे. पोरी, काठाला घे. घे म्हणतो ना!” हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. विहिरीत खाली उभा राहून ‘मी हाय’ म्हणणारा माणूस तो हाच. त्यांच्या पाठीकडे बघायला मला नको वाटत होतं, म्हणून मी पाण्याकडे बघत वल्ही मारली.

काठावर उतरल्यावर ते दगडावर बसले. टोपी काढून घाम पुसला आणि म्हणाले, “पाण्यात उतरलं की भ्या नाय वाटत. हे वर बसायचं लय वंगाळ.” मग माझ्याकडे बघून, “जावईबापूंना नको सांगू.”

संध्याकाळी हे घरी आले, गच्चीवर गेले आणि खाली येऊन म्हणाले, “एक वल्हं कुठे गेलं?”

आबा बशीतला चहा फुंकत होते. त्यांनी फुंकणं थांबवलं. मी पोळीवरून नजर न काढता म्हटलं, “मी घाबरले. वारा होता. हातातून सुटलं माझ्या.”

“तू?”

“हो, मी. ओरडलेसुद्धा.”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत मला घाबरलेलं त्यांनी बघितलं नव्हतं, त्यामुळे त्यांना पटेना. “खरंच?” त्यांनी आबांना विचारलं. आबा बशीत बघत राहिले. मग मी तवा आपटला आणि म्हटलं, “खरंच म्हणजे काय? सांगितलं ना! हवं तर लिहा.” झालं. त्यांच्या डोळ्यांत चमक आलीच. आबांनी चहा तसाच ठेवला आणि हात धुवायला उठले.

लेख आला. फार सुंदर लिहिला होता, हे मी अजूनही म्हणेन. पुढे टोपी घालून शांत बसलेले सासरे, मागे बसायचा हट्ट केलेली सौ., वाऱ्याची एक झुळूक, आणि सौ. किंचाळल्या. सासऱ्यांनी मागे वळून नुसतं म्हटलं, ‘मी हाय.’ विहिरीची गोष्ट मीच ह्यांना कधीतरी सांगितली होती.

जत्रेसाठी माहेरी गेले तर पुरवणी पारावर माझी वाट बघत होती. आम्ही देवळातून येताना पारावरच्यांनी आबांना हाक मारून बसवलं, मलाही थांबवलं आणि वाचणाऱ्यानं आवाज लावून सगळा लेख वाचला. किंचाळायच्या जागी किंचाळूनही दाखवलं. हशा ओसरल्यावर कुणीतरी म्हणालं, “आबा, पोर काय बापावर नाय गेली.”

आबा उठून उभे राहिले.

“वरडलो तो मी,” ते म्हणाले. “वल्हं माझ्या हातातून पडलं. मला भ्या वाटलं. पोरीनं मला काठाला आणलं. तिनं जावयाला खोटं सांगितलं, माझ्यापायी.”

आबांनी हात पाठीमागे घट्ट धरले होते आणि मी मागे उभी असल्यामुळे मला ते दिसत होते. वीस वर्षं ज्या जागेवर बसून त्यांनी पाण्याच्या बढाया मारल्या त्याच जागेवर ते हे बोलत होते.

मग वाचणाऱ्यानं पेपर घडी केला, आबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मायेनं म्हणाला, “असू द्या आबा. बापाचं काळीज हाय. लेकीसाठी बाप काय बी बोलतो.” आणि सगळे हसले. वाईट नाही, प्रेमानं हसले. एकानं डोळेसुद्धा पुसले.

आबांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी फक्त ‘खरं आहे’ म्हणायचं होतं. दोन शब्द. मला वाटलं, मी बोलले तर हे सगळे आबांना हसतील, आणि ते मला बघवणार नाही. खरंच असं वाटलं, का त्या सगळ्या नजरांपुढे माझी जीभच उचलली नाही? इतक्या वर्षांनी यातलं खरं कोणतं ते मला सांगता येत नाही. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी राहिले. आबा थोडे थांबले आणि खाली बसले.

घरी जाताना ते पुढे, मी मागे. दारात वहाणा काढताना म्हणाले, “एवढी लाज सोडून बोललो मी, पोरी. तू नुसतं हां म्हटली असती तरी झालं असतं.”

त्यांचा आवाज रागाचा नव्हता. दमल्यासारखा होता. मी आत गेले आणि आईला भाकऱ्या करू लागले.

पुढे ती पुरवणी बंद पडली, ह्यांचं लिहिणं सुटलं, होडीला तडा गेला आणि शेजारच्या काकूंनी तिच्यात अळू लावलं. आबा गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. दहाव्याला गोदेच्या काठी पारावरचे ते सगळे आले होते. तेव्हाही एकानं मला म्हटलं, “तुमच्यासाठी किती खोटं बोलला हो तो माणूस.” मी नुसती मान डोलावली.

पुरवणीतलं खोटं लोक खरं मानतात आणि खरं वाचून हसतात, हे मला चांगलं माहीत आहे. तरी लिहिते. हां, आबा. ओरडलात ते तुम्हीच, आणि होडी काठाला मी आणली.